एक गुन्हा, तीन निकाल

जीता सिंग, काश्मिरा सिंग आणि हरबन्स सिंग. उत्तर प्रदेशातल्या एका कुटुंबातल्या चौघांचा खून केल्याचा आरोप या तिघांवर सिद्ध झाला. गुन्ह्यात तिघांचा वाटा सारखाच ठरला, तिघांनाही फाशी झाली आणि २० ऑक्टोबर १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती कायम केली. इथपर्यंत तिघांची कहाणी एकच. पुढे तिघांनी सर्वोच्च न्यायालयात आपापले अर्ज केले, आणि ते वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या न्यायमूर्तींपुढे गेले.

जीता सिंगचा अर्ज १५ एप्रिल १९७६ ला फेटाळला गेला. काश्मिरा सिंगचा अर्ज न्या. भगवती आणि न्या. फझल अली यांच्यापुढे आला. त्यांनी शिक्षेपुरता तो ऐकून घेतला आणि १० एप्रिल १९७७ रोजी फाशीची जन्मठेप केली. हरबन्स सिंगचा अर्ज १९७८ मध्ये तिसऱ्याच खंडपीठाने फेटाळला, १९८० मध्ये त्याची फेरविचार याचिकाही गेली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज नाकारला. जीता आणि हरबन्स या दोघांना ६ ऑक्टोबर १९८१ रोजी फाशी द्यायचं ठरलं. हरबन्सने आयत्या वेळी सर्वोच्च न्यायालयात पुन्हा धाव घेतली आणि त्याच्या फाशीला स्थगिती मिळाली. जीताने असा अर्ज केलाच नव्हता. त्या दिवशी त्याला फासावर चढवलं गेलं.

हरबन्सच्या याचिकेचा निकाल १२ फेब्रुवारी १९८२ ला लागला. सरन्यायाधीश होते पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूड. सहा वर्षांपूर्वी जीता सिंगचा अर्ज फेटाळणाऱ्या पीठावर ते स्वतः होते, आणि न्या. कृष्ण अय्यरही होते. तेच कृष्ण अय्यर, जे पुढे फाशीच्या विरोधातला देशातला सर्वांत ठसठशीत आवाज ठरले. आता हरबन्सचं काय करायचं? ज्याचा गुन्हा त्याच्याइतकाच होता तो एक जण जन्मठेप भोगतोय, दुसरा मेला. न्यायालयाने राष्ट्रपतींना शिफारस केली की या माणसाची फाशी माफ करावी. आणि तुरुंगाधिकाऱ्यांसाठी एक सूचना दिली: कुणालाही फाशी देण्याआधी त्याच गुन्ह्यातल्या एखाद्या सहआरोपीची शिक्षा कमी झाली आहे का, हे अधीक्षकाने जातीने तपासावं. इतकी साधी चौकशी करायची सक्ती तोवर कुणावरच नव्हती.

भारतातल्या फाशीचा इतिहास सहसा गाजलेल्या नावांनी सांगितला जातो. पण खून आणि फास यांच्यामध्ये जे कागद असतात, त्यांचाही एक इतिहास आहे, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. कारण या दीडशे वर्षांत कायद्याने न्यायाधीशाला विचारायचा प्रश्न पार उलटा केला. तरी जीता सिंगसारखी गोष्ट घडायची थांबली नाही.

मराठ्यांच्या राज्यात देहान्त शिक्षेचे प्रकार भरपूर होते. कडेलोट, हत्तीच्या पायी देणं, तोफेच्या तोंडी देणं हे शब्द आपण आजही बोलण्यात सहज वापरतो. त्यामुळे तेव्हा खुन्याला हमखास मरावं लागत असेल असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात उलट चित्र दिसतं. विशेष क्रूरपणा नसेल तर खुनाचं प्रकरण बहुधा दंडावर निभावत असे. वाटमारी करणाऱ्यांवर मात्र राज्याची नजर कडक होती. ब्राह्मणाला सहसा देहान्त नसे, त्याला किल्ल्यावर कैदेत टाकत. म्हणजे खून हा आधी घराण्याचा आणि जातीचा प्रश्न होता, मग सरकारचा. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनानंतर रघुनाथरावाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं काही नाही, असं रामशास्त्री प्रभुण्यांनी सुनावल्याची कथा आपल्याला इतकी प्रिय आहे, ती रामशास्त्र्यांच्या निःस्पृहपणासाठी. पण त्या कथेतही रघुनाथराव मरत नाही. पुणं सोडून जातात ते रामशास्त्री.

इंग्रजांनी ही सगळी घडी मोडली. १८६० ची भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली आणि खून हा सर्वस्वी सरकारविरुद्धचा गुन्हा झाला. कलम ३०२ खाली शिक्षा दोनच: फाशी किंवा जन्मभर काळं पाणी. दोहोंतून कोणती निवडायची, हे दंड संहितेने सांगितलंच नव्हतं. ते सांगितलं प्रक्रियेच्या कायद्याने, आणि तेही अगदी आडून. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३६७ चं पाचवं पोटकलम असं होतं की, ज्या गुन्ह्याला फाशी देता येते त्यात न्यायाधीशाने दुसरी शिक्षा दिली, तर फाशी का दिली नाही याचं कारण त्याने निकालपत्रात लिहावं.

वाचायला हे किरकोळ वाटतं. पण सत्र न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून बघा. पुरावा पटला आहे, खून सिद्ध झाला आहे. फाशी दिली तर कुणाला जाब द्यायचा नाही. जन्मठेप दिली तर मात्र उच्च न्यायालयाच्या नजरेखालून जाईल असं कारण शोधायचं: आरोपी लहान होता, राग अनावर झाला होता, काहीतरी. फाशी हा नियम आणि जीवदान हा अपवाद, हे एका ओळीत साधलं होतं. स्वातंत्र्यानंतरही ती ओळ काही वर्षं तशीच चालली. १९५५ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि पुढची अठरा वर्षं कायदा गप्प राहिला. ना फाशीचं कारण मागायचा, ना जन्मठेपेचं. मग १९७३ ची नवी संहिता आली, १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३५४ च्या तिसऱ्या पोटकलमाने बाजू बदलली. आता फाशी द्यायची असेल तर तिची ‘विशेष कारणे’ लिहावी लागणार होती.

हा बदल व्हायच्या आधी हिंदुस्थानच्या नकाशावर दोन जागा अशा होत्या, जिथे हा प्रश्न केव्हाच मिटला होता. एक आपल्या अगदी शेजारची, गोवा. पोर्तुगालने १८६७ मध्ये सर्वसाधारण गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द केली. व्हिक्टर ह्यूगोने त्याबद्दल पोर्तुगालचं तोंडभरून कौतुक केलं होतं. १८७० मध्ये तो निर्णय वसाहतींनाही लागू झाला. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एखाद्याने सावंतवाडीत खून केला तर त्याच्या गळ्याला फास लागू शकत होता, आणि तेरेखोलची खाडी ओलांडून पेडण्यात केला तर नाही. पोर्तुगीज राजवटीने गोव्यात काय काय केलं ते आपण जाणतो, तिची तरफदारी करायचं कारण नाही. पण १९६१ ला गोवा मुक्त झाला, भारतीय दंड संहिता तिथे पोहोचली आणि तिच्याबरोबर खुनाबद्दलची फाशीही नव्वद वर्षांनी परत आली, ही गोष्ट मुक्तीच्या इतिहासात कुठे सांगितलेली आढळत नाही. दुसरी जागा त्रावणकोर. तिथल्या संस्थानाने १९४४ मध्ये खुनाची फाशी रद्द केली होती. भारतात सामील झाल्यावर देशाचा कायदा आला तसा तिथेही फास परतला.

असं व्हायला नको होतं, कारण काँग्रेसने शब्द वेगळा दिला होता. २३ मार्च १९३१ ला लाहोरला भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना फाशी झाली. त्यानंतर आठवडाभरात कराचीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. मूलभूत हक्कांचा तिथला ठराव प्रसिद्ध आहे. त्यात देहान्त शिक्षा असू नये हेही एक कलम होतं. ज्या मांडवात तीन तरुणांच्या फाशीचा शोक चालला होता त्याच मांडवात हे मंजूर झालं. त्याच वर्षी गयाप्रसाद सिंग यांनी मध्यवर्ती विधिमंडळात फाशी रद्द करण्याचं विधेयक आणून पाहिलं. सरकारने दाद दिली नाही.

१९४९ उजाडेपर्यंत परिस्थिती बदलली होती. ३ जून १९४९ ला घटना समितीत सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारांवर चर्चा चालू होती. फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा, अशी काही सदस्यांची मागणी होती. डॉ. आंबेडकर उठले आणि म्हणाले की, अपिलाचा हक्क वाढवत बसण्यापेक्षा मी फाशीच रद्द करण्याच्या बाजूने आहे. हा देश अहिंसेवर विश्वास ठेवतो, प्रत्यक्षात पाळत नसला तरी नैतिक आदेश म्हणून मानतो, तेव्हा त्याला शोभणारी गोष्ट तीच. हे बोलणं झालं तेव्हा देशातला सर्वांत मोठा खून खटला अपिलात होता. गांधीहत्येच्या खटल्यात लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारीला नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी सुनावली होती, आणि सिमल्याला पूर्व पंजाब उच्च न्यायालयाचा निकाल २१ जूनला यायचा होता. तो आला, फाशी कायम झाली. गांधींचे चिरंजीव मणिलाल आणि रामदास यांनी दोघांना फाशी देऊ नये अशी विनंती केली. सरकारने ती मानली नाही, आणि १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाला तुरुंगात दोघांना फासावर दिलं गेलं. आंबेडकरांचं ते वाक्य घटना समितीच्या कामकाजात छापलेलं राहिलं. फाशी राहायची की जायची, हे घटनेने काही ठरवलं नाही.

विधी आयोगाचा पस्तिसावा अहवाल १९६७ मध्ये आला. देशातली परिस्थिती, शिक्षणाची पातळी, विषमता या सगळ्याचा विचार करता फाशी रद्द करण्याचा प्रयोग भारताला परवडणार नाही, असा त्याचा सूर होता. म्हणजे राज्यकर्त्यांकडून काही व्हायचं नव्हतं. प्रश्न कोर्टात गेला.

१९७२ मध्ये जगमोहन सिंगच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात विचारलं की, फाशी कुणाला आणि जन्मठेप कुणाला हे ठरवायची काही फूटपट्टीच कायद्यात नसेल तर हा मनमानीपणा नाही का? पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, नाही. न्यायाधीशाचा अनुभवी विवेक हीच फूटपट्टी. मग ती नवी संहिता आली. तिची अंमलबजावणी व्हायच्या आधीच, फेब्रुवारी १९७४ मध्ये, एडिगा अनम्मा नावाच्या आंध्रमधल्या एका तरुण बाईच्या प्रकरणात कृष्ण अय्यरांनी वारं कुठून वाहतंय ते ओळखून फाशीची जन्मठेप केली. १९७९ मध्ये राजेंद्र प्रसादच्या निकालात ते आणखी पुढे गेले: समाजाच्या सुरक्षेलाच धोका असेल तेव्हाच फाशी. सहकारी न्यायमूर्तींपैकी सगळ्यांना हे पटलं नव्हतं. तेव्हा पाच जणांचं घटनापीठ बसलं.

त्या पीठापुढचा बचन सिंग कुणाच्या मनात दया उपजावी असा माणूस नव्हता. बायकोच्या खुनाबद्दल त्याने शिक्षा भोगली होती. सुटून आल्यावर तो चुलतभावाच्या घरी राहायला गेला. त्या घरातल्या माणसांनाच नकोसा झाला, आणि एका रात्री त्याने कुऱ्हाडीने तिघांचे जीव घेतले. ९ मे १९८० रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने घटनापीठाने फाशी घटनेत बसते असं ठरवलं. पण बहुमताचं निकालपत्र लिहिणाऱ्या न्या. सरकारियांनी फाशीची वाट जमेल तितकी अरुंद केली. नुसता गुन्हा बघायचा नाही, गुन्हेगारही बघायचा: त्याचं वय, परिस्थिती, मनःस्थिती, तो सुधारण्याची शक्यता. जन्मठेप हा नियम. फाशी फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणात, जिथे दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद झाला असेल तिथेच. आज वर्तमानपत्राच्या कोणत्याही मथळ्यात हे दोन शब्द दिसतात ते इथून आले.

विरोधातलं एकमेव मत भगवतींचं होतं, काश्मिरा सिंगला जीवदान देणारे तेच. त्यांनी आपली कारणं दोन वर्षांनी, १६ ऑगस्ट १९८२ ला दिली. त्यांचा आक्षेप तात्त्विक कमी आणि व्यवहारी जास्त होता. माणूस जगेल की मरेल हे त्या दिवशी पीठावर कोण बसलंय यावर अवलंबून आहे, आणि फासावर जातात ते बहुतेक गरीब. चार विरुद्ध एक, म्हणून हे मत कायदा झालं नाही. पण हरबन्स सिंगचा निकाल देणाऱ्या तिघांत भगवती होते, आणि त्या निकालाची शाई अजून वाळायची होती.

पुण्याला मात्र त्या वर्षांत कुणाच्या विवेकाची चर्चा ऐकायची इच्छा नव्हती. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात शहरात दहा खून झाले. आधी एका हॉटेलमालकाचा मुलगा, मग विजयानगर कॉलनीतलं जोशी कुटुंब, मग भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात संस्कृतचे वयोवृद्ध पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह घरातले पाच जण, शेवटी आणखी एक तरुण. दिवेलागण झाली की पेठा सुनसान होत, दारावर टकटक झाली तर आवाज ओळखीचा असला तरी कडी काढायला लोक कचरत. आरोपी निघाले कलेचं शिक्षण घेणारे चार विद्यार्थी: राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. पाचवा माफीचा साक्षीदार झाला. त्यावर निघालेल्या सिनेमाचं नावच ‘माफीचा साक्षीदार’ होतं.

सत्र न्यायालयाने २८ सप्टेंबर १९७८ ला चौघांना फाशी सुनावली. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. बचन सिंगचा निकाल लागून सहा महिने झाले होते. दुर्मिळातलं दुर्मिळ म्हणजे काय असा प्रश्न कुणी त्या वेळी पुण्यात विचारला असता, तर त्याला जोशी-अभ्यंकर हेच उत्तर मिळालं असतं.

तरीही चौघे आणखी तीन वर्षं येरवड्यात जिवंत होते, आणि त्यात १९८३ साल आलं. फाशीच्या कायद्याच्या दृष्टीने इतकं गजबजलेलं वर्ष दुसरं नसेल. १६ फेब्रुवारीला वथीस्वरनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सांगितलं की, फाशीची शिक्षा झाल्यावर दोन वर्षांहून जास्त काळ माणसाला मरणाची वाट पाहत ठेवलं, तर त्याची फाशी रद्द व्हायला हवी. देशभरच्या फाशी यार्डांत काय वाटलं असेल! २४ मार्चला, म्हणजे पाच आठवड्यांनी, चंद्रचूडांच्या पीठाने शेर सिंगच्या प्रकरणात ते खोडून काढलं: दोन वर्षांचा असा सरसकट नियम करता येणार नाही. पुण्याच्या कैद्यांनीही लांबलेल्या मुदतीचा मुद्दा काढून दाद मागितली. गुन्ह्यांची भीषणता पाहता न्यायालयाने ऐकलं नाही. एप्रिलमध्ये चंद्रचूडांनीच दंड संहितेचं कलम ३०३ रद्द केलं. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केला तर फाशीच, दुसरा पर्याय नाही, असं ते कलम सांगायचं; न्यायाधीशाला विचारच करू न देणारा कायदा घटनेत बसत नाही असा निकाल लागला. जुलैमध्ये माछी सिंगचा निकाल आला. एका रात्रीत पंजाबच्या पाच गावांत सतरा माणसं मारल्याचं ते प्रकरण. त्यात न्यायालयाने दुर्मिळातल्या दुर्मिळ खुनांचे पाच वर्ग पाडून दिले: खुनाची पद्धत, हेतू, समाजविघातकता, व्याप्ती आणि बळी कोण. बचन सिंगच्या निकालात गुन्हेगाराकडे बघा म्हटलं होतं; हे पाचही वर्ग गुन्ह्याचे होते. अरुंद केलेली वाट इथून पुन्हा रुंदावली असं माझं मत आहे, आणि पुढे खुद्द सर्वोच्च न्यायालयानेही तसं म्हटलं आहे.

सप्टेंबरमध्ये प्रश्न आला तो दोराचाच. ‘मरेपर्यंत फाशी’ ही पद्धत क्रूर आहे, असं दीना नावाच्या कैद्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिका मागवून फाशीचं सगळं तंत्र तपासलं. ते तंत्र वजनावर चालतं. कैदी जितका हलका तितकं त्याला जास्त खाली पडू द्यायचं, जितका जड तितकं कमी. साधारण पावणेदोन ते अडीच मीटरच्या दरम्यान. मानेचा मणका एका हिसक्यात निखळला पाहिजे, हा हिशेब. दोर कमी पडला तर माणूस गुदमरत राहतो, जास्त झाला तर धड आणि डोकं वेगळं होऊ शकतं. म्हणून आदल्या दिवशी कैद्याच्या वजनाच्या दीडपट भरलेलं वाळूचं पोतं लटकवून दोर आणि खटका तपासतात, दोराला मेण किंवा लोणी लावून तो मऊ करतात. हे सगळं वाचून २३ सप्टेंबर १९८३ ला न्यायालयाने ठरवलं की ही पद्धत जलद आणि कमीत कमी वेदनेची आहे. दोन महिन्यांनी, २७ नोव्हेंबरला, येरवड्यात जक्कल, सुतार, जगताप आणि शाह यांना फाशी झाली. पुण्यात हळहळणारा माणूस शोधून सापडला नसता, आणि ते समजण्यासारखं आहे.

त्यानंतर फाश्या कमी कमी होत गेल्या. या शतकात भारतात आजवर आठ जणांना फाशी दिली गेली, त्यांतल्या दोघांना महाराष्ट्रात: २०१२ मध्ये येरवड्यात कसाब आणि २०१५ मध्ये नागपुरात याकूब मेमन. शेवटचे चार २० मार्च २०२० ला तिहारमध्ये. आकडा एवढा लहान, म्हणून प्रश्न संपला असं वाटू शकतं. पण फाशी सुनावली जाणं थांबलेलं नाही, आणि सुनावल्यापासून रद्द होईपर्यंतची वर्षं माणूस त्याच कोठडीत काढतो.

१९९५ मध्ये राजस्थानातल्या रावजी नावाच्या माणसाची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी लिहिलं की, शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं स्वरूप बघायचं, गुन्हेगाराचं नाही. बचन सिंगच्या घटनापीठाने नेमकं उलट सांगितलं होतं, आणि दोघांचं पीठ पाचांच्या पीठाला ओलांडू शकत नाही हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. रावजीला ४ मे १९९६ ला फाशी झाली. त्या निकालाचा आधार पुढे एकामागून एक प्रकरणांत घेतला गेला.

त्यांतलं एक महाराष्ट्रातलं. जून २००३ मध्ये शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांना मारलं, बलात्कार झाले. वाचले ते दोघे, आई आणि मुलगा. भटक्या समाजातल्या सहा जणांना पोलिसांनी पकडलं. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. सरकार अपिलात गेलं आणि ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही फाशी दिली. निकालात रावजीचा दाखला होता.

तेरा दिवसांनी, १३ मे २००९ ला, त्याच न्यायालयाचं दुसरं पीठ महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या खुनाचा निकाल देत होतं. संतोषकुमार बारियार आणि त्याच्या साथीदारांनी खंडणीसाठी ओळखीच्या तरुणाला पळवून मारलं होतं. न्या. एस. बी. सिन्हांनी बारियारची फाशी जन्मठेपेवर आणली आणि निकालात स्पष्ट लिहिलं की, रावजीचा निकाल बचन सिंगकडे दुर्लक्ष करून दिलेला आहे, तो कायदा नव्हे. त्याच्या आधाराने दिलेल्या पुढच्या फाश्याही तशाच चुकीच्या. तेरा दिवसांपूर्वीचा निकालही त्याच आधारावरचा होता. पण तो आधीच लागून चुकला होता, आणि फौजदारी न्यायात लागलेला निकाल आपोआप परतत नाही. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली: अशा चुकीच्या आधारावर तेरा जणांना फाशी सुनावली आहे, ती माफ करा. रावजी आणि राजस्थानचाच सुरजा राम यांच्यासाठी उशीर झाला होता. सुरजा राम १९९७ मध्ये फासावर गेला होता.

झोपडीवरच्या दरोड्याच्या खटल्यातल्या त्या सहा जणांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे मधल्या काळात सिद्ध झालं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणातली फेरविचार याचिका यापुढे बंद दालनात कागद फिरवून निकालात काढायची नाही. तीन न्यायमूर्तींनी उघड न्यायालयात वकिलांचं ऐकायचं. त्यामुळे या सहा जणांसाठीही पुन्हा दार उघडलं. या वेळी शिक्षेपेक्षा पुराव्याकडे नजर गेली. तेव्हा दिसलं की घटनेनंतर लगेच वाचलेल्या आईला पोलिसांनी नोंदीतल्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते आणि तिने त्यातले चार जण ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्यांच्यावर खटला चाललाच नाही.

५ मार्च २०१९ ला न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी, त्या चौघांचा नव्याने तपास करावा आणि आधीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी जे अजून नोकरीत असतील त्यांच्यावर कारवाई करावी, असे आदेश झाले. सोळा वर्षं ते सहा जण तुरुंगात होते, आणि त्यातला मोठा काळ फाशीच्या छायेत.

मे २०२२ मध्ये न्यायालयाने खालच्या कोर्टांना सांगितलं की फाशी सुनावण्याआधी आरोपीचं बालपण, शिक्षण, मानसिक स्थिती आणि तुरुंगातलं वागणं यांचे अहवाल मागवा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने आणखी एक प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला: दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं खरोखर ऐकायचं तर त्याला किती वेळ द्यायचा, आणि त्याच दिवशी फाशी सुनावणं चालेल का? जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं आहे, शिक्षा तीच आहे.